पेवातली काळी

किशनरावांचा देवणी बैल शनिवारी मेला आणि सोमवारी त्यांनी पेव उघडायचं ठरवलं. बैल चाऱ्यावाचून मेला होता, पेव घरातली ज्वारी संपली म्हणून उघडायचं होतं. तसा एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. पण धामणवाडीत त्या आठवड्यात बोलणं चालायचं ते या दोन गोष्टींचंच. बैलाला कुणी हात लावत नव्हतं आणि पेवात निवृत्तीशिवाय कुणी उतरत नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. जिल्हा झाला तेव्हा गावानं चाकूरपर्यंत ट्रॅक्टर नेऊन गुलाल उधळला होता. पुढं लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. आता चैतातच विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि टँकर एक दिवसाआड यायचा. टँकरवर आधी उस्मानाबाद लिहिलेलं असायचं, आता लातूर लिहिलेलं असतं, गावाला जिल्हा मिळाला तो एवढाच, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा करायला तरी पाणी लागत नाही.

निरोप घेऊन अण्णाराव आला. किशनरावांचा हा मुलगा लातूरला गुत्तेदारी करायचा, नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधायचा. बौद्धवाड्याच्या तोंडाशी फटफटी उभी करून तो बसल्या जागेवरून ओरडला.

"निवृत्ती, पेव फोडायचंय. दोर घेऊन ये."

निवृत्ती पंचावन्न वर्षांचा, अण्णाराव तिशीतला. पण 'ये' म्हणायला त्याची जीभ कधी अडली नाही आणि निवृत्तीनंही कधी ते मनावर घेतलं नाही.

"येतो की मालक."

पेव म्हणजे जमिनीतला रांजणच. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाच्या टेकाडात खणलेलं, तोंड एक माणूस जाईल एवढं, पोट मात्र खोलीएवढं, दोन पुरुष खोल. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून चिखलानं लिंपून टाकायचं. दाणा वर्षानुवर्षं टिकतो. फक्त भिंतीकडचा नासतो. अस्तरातून ओल शिरते, दाणा काळा पडतो, आंबतो, ढेकळं धरतो. त्याला काळी म्हणायचं. धामणवाडीची रीत अशी की पांढरी धन्याची आणि काळी उतरणाऱ्याची.

पांढरी कुठं संपते आणि काळी कुठं सुरू होते, हे खाली बसून हातानं चाचपून उतरणारा ठरवायचा. निवृत्तीचा बाप ग्यानोबा हेच काम करायचा. बापानं किंवा लेकानं ती हद्द कधी चांगल्या दाण्यात सरकवली नव्हती आणि निवृत्तीला याचा भारी अभिमान होता. मला विचाराल तर थोडी सरकवली असती तरी काही बिघडलं नसतं.

यंदा काळी भरपूर निघणार होती. परसाल निम्मं पेव उपसून झाल्यावर अवकाळी पाऊस आला होता आणि पाणी आत मुरलं होतं. आठ-दहा पोती तरी निघतील असा निवृत्तीचा अंदाज होता. वाळवली, चोळली, पाखडली आणि दोन मुठी चांगल्या ज्वारीत मिसळली की तिची भाकरी होते. कडवट लागते, पहिले दोन दिवस डोकं जड होतं, मग पोटाला सवय होते. ती पोती आली असती तर घर नव्या पिकापर्यंत तगलं असतं. नाही आली तर दाराला कुलूप लावून निजामाबादकडं वीटभट्टीवर जावं लागणार होतं. त्याच्या बायकोचे, सुमनबाईचे, दोन्ही गुडघे गेलेले होते. भट्टीवर ती टिकणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

निवृत्ती दोर खांद्यावर टाकून निघाला. मागं पाट्या घेऊन पंचशीला. ही त्याची मुलगी. लातूरला बारावी सायन्स झालेली, आता कचेरीतल्या भरतीचं पत्र येईल म्हणून वाट बघत घरी होती. मुलगा भीमा पहार घेऊन पुढं गेला होता.

वाट ओढ्यावरून जायची आणि ओढ्यात बैल पडला होता. अण्णारावानं ट्रॅक्टरला बांधून त्याला तिथवर आणला आणि सोडून दिला. पुढं खड्डा खणून पुरायला गावातलं कुणी तयार नव्हतं. पूर्वी हे काम निवृत्तीच्या वाड्याकडं असायचं. छप्पन साली वाड्यानं धम्म घेतला, त्या दिवशी ग्यानोबानं जनावरं ओढायचा दोर मारुतीच्या पारासमोर सगळ्यांच्या देखत जाळला. तेव्हा निवृत्ती सव्वीस वर्षांचा होता. तो दोर ओला होता आणि लवकर पेटत नव्हता, हे तो अजून सांगायचा.

बैल फुगून दुप्पट झाला होता. चारी पाय आडवे ताठ, पोटावर माश्यांचा काळा थर. पंचशीलानं दुरूनच पदर नाकावर घट्ट धरला. निवृत्ती मात्र बैलापासून पाच पावलांवर थांबला. त्याच्या वहाणेचा अंगठा निसटला होता. तो उकिडवा बसला, सावकाश अंगठा ओवू लागला आणि बोलू लागला.

"ह्याचा बाप लई गुणी होता. किशनरावांनी देवणीच्या बाजारातून आणलेला. मी गेलतो संगं."

"बाबा, चला की."

"थांब जरा. खामखा घाई करायलीस."

एक माशी बैलावरून उठून त्याच्या ओठावर बसली. त्यानं ती हातानं वारली आणि पुन्हा अंगठ्याला लागला. पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली. पदराआडून तिला श्वास घेता येत नव्हता आणि बाबांच्या नाकपुडीचा केसही हलत नव्हता.

टेकाडावर किशनराव काठी टेकून उभे होते. भीमानं पहारीनं चिखल फोडला, बापलेकांनी मिळून फरशी सरकवली. आतून गरम वाफ आली आणि सगळे मागं सरले. निवृत्ती पोटावर निजला, तोंड पेवाच्या तोंडाशी नेलं आणि डोळे मिटले. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. आंबूस वास आला तर पेव जागं आहे, उतरायचं नाही. कोरड्या मातीचा वास आला की पेव निजलं, खुशाल उतरायचं. तीस वर्षं हुंगायचं त्यानं आणि ऐकायचं गावानं.

बराच वेळ तो तसाच पडून होता. मग त्यानं मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. किशनरावांनी उपरणं नाकाला लावलं होतं, भीमानं तोंड वाकडं केलं होतं, पंचशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जागं हाय," निवृत्ती म्हणाला. "उद्या बघू."

"उद्यावर नको लई," अण्णाराव म्हणाला. "बेस्तरवारी ट्रक यायलाय."

"ट्रक कशाला?"

"काळी न्यायला. उदगीरकडचा एक व्यापारी हाय. दारूला लागती म्हणे त्यास्नी, जेवढी आंबलेली तेवढी बरी."

निवृत्ती उठून उभा राहिला. अंगाची माती झटकायची तो विसरला.

"मालक," तो किशनरावांना म्हणाला, "काळी आमची असती."

"असती रे. कोण न्हाई म्हणतंय." किशनराव काठीनं मुरूम उकरू लागले. "पण आवंदा साल कसं हाय, तू बघायलास की."

"सडक्यावर कसला आलाय हक्क?" अण्णाराव हसला. "कुणी घेत नव्हतं म्हणून तुमाला देत होते. आता घ्यायलेत. तू तुझा रोज घे."

किशनरावांना ते बरं वाटलं नाही. माणूस अगदीच वाईट नव्हता. मुलापुढं त्याचं चालत नव्हतं, एवढंच. "निम्मी देऊ तुला," ते म्हणाले. "ज्याच्या नाकावर पेव उघडतं त्याला मी मोकळ्या हातानं लावून देणार न्हाई. नाकाचा मान ऱ्हाईल."

निम्मी म्हणजे चार-पाच पोती. निवृत्तीनं मान डोलावली.

दुपारी घरी जेवताना पंचशीलानं विचारलं, "बाबा, तुमाला बैलाचा वास आला न्हाई का?"

सुमनबाईचा हात परातीत थांबला.

"आला की."

"मग तिथं वहाण ओवत कशाला बसलाव?"

निवृत्तीनं घास चावून गिळला, वर पाणी प्याला. उत्तर दिलं ते सुमनबाईनं. "त्या तापात गेलं नाक. टायफाड झालता तवा."

"गेलं म्हंजे थोडं," तो म्हणाला. "येतं कधी कधी."

"आन पेवाचं?"

"पेवाचं कळतं."

"कसं कळतं? आमची तोंडं बघून?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. पोर शिकल्याचा त्याला आनंदच होता, पण त्या क्षणी तिची हुशारी त्याला नकोशी झाली. "भीमाला बोलू नको," तो म्हणाला. "गावात तर तोंडातून काढायचं न्हाई. मालकानं काय म्हणलं ऐकलीस ना? नाकाचा मान."

पंचशीला ताट सारून जवळ सरकली. "बाबा, नाक असतं तरी भागलं नसतं. दाणा श्वास घेत असतो. ओल लागली की बुरशी धरती, ती बी श्वास घेती. बंद पेवात दोघं मिळून चांगली हवा खाऊन टाकतात आन जड हवा सोडतात. ती तळाला बसती. माणूस त्यात गेला की दोन मिनिटांत पडतो. पुस्तकात विघटन म्हणतात ह्याला."

"आमी जागं म्हणतो."

"तेच ते. पुस्तकात सगळ्याला एकच शब्द. ओढ्यातल्या बैलाचं विघटन, उकिरड्यातल्या शेणाचं विघटन."

"असं कसं?" सुमनबाईला ते पटलं नाही. "शेण कुजतं, त्याचं खत होतं. दूध नासतं. पीठ आंबतं, ते आपण मुद्दाम आंबिवतो. बैल सडतो. सगळ्याला एक शब्द लावून कसं भागंल?"

"आन त्या जड हवेला," पंचशीला बापाला म्हणाली, "वासच नसतो."

निवृत्तीनं ताटात हात धुतला. मग म्हणाला, "मग माझा बाप काय हुंगायचा?"

"आंबल्याचा वास. त्यावरनं अंदाज. पण आंबल्याचा वास उडून गेला तरी हवा खाली बसून ऱ्हाती. कंदील सोडा आत. विझला तर उतरायचं न्हाई."

"पेवात आग नेत न्हाईत. किशनरावांच्या आज्याचं पेव तसंच जळालं होतं, अस्तराला ठिणगी लागून. ते ऐकायचे न्हाईत."

तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. वीस-बावीस पेवं त्यानं हुंगून उघडली होती आणि ते सगळं निव्वळ अंदाजानं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. बापाचा राग यावा तर बाप मेलेला. मुलीचा यावा तर ती खरं बोलत होती.

मंगळवारी रोजगार हमीवर खडी फोडून दुपारी बापलेक टेकाडावर आले. निवृत्ती पुन्हा पोटावर निजला. पुन्हा मान वर करून त्यानं तोंडं बघितली. पण रात्रभर पेव उघडं होतं, वास कमी झाला होता आणि तोंडांवरून काही कळेना. किशनराव तंबाखू मळत होते. अण्णाराव सिगारेट ओढत होता. भीमा नुसता वैतागलेला होता.

"उद्या," निवृत्ती म्हणाला.

"काल बी उद्याच म्हणलास."

"उद्या बघू मालक."

अण्णारावानं सिगारेट विझवली आणि भीमाच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं. लातूरला नव्या कचेरीचं काम चाललं होतं, सिमेंटच्या गोडाऊनला चौकीदार पाहिजे होता. बारमाही काम, राहायला खोली, आईलाही तिथं नेता येईल. "तू उतरतो का बोल. म्हातारा काळीसाठी अडवायलाय मला."

भीमा बावीस वर्षांचा होता. खडी फोडून त्याच्या हातांना फोड आले होते आणि ते फुटून पुन्हा आले होते. आईच्या गुडघ्यांचा विचार तोही करायचा, फक्त बोलून दाखवायचा नाही. घरी आल्यावर त्यानं पहार अंगणात आपटली.

"तुमचा उद्या कधी यायचा?"

"पेव जागं हाय."

"का काळी जागी हाय? चार पोत्यांसाठी माझी नोकरी घालवायलाव तुमी."

निवृत्तीला बोलावंसं फार वाटलं. पण बोलला तर नाक जाणार, नाकाबरोबर निम्मी काळी जाणार, आणि नाही बोलला तर हा पोरगा आत उडी टाकणार. त्यानं सुमनबाईकडं बघितलं. ती चुलीपुढं गुडघा चोळत बसली होती, तिनं वर बघितलं नाही.

बुधवारी सकाळीच ट्रक आला, एक दिवस आधी. ड्रायव्हर खाली उतरून ट्रकच्या सावलीत पटकूर टाकून झोपला. टेकाडावर निम्मं गाव जमलं. दुष्काळात माणसांना काम नसतं, बघायला काहीही चालतं.

निवृत्तीनं कमरेला दोर बांधायला घेतला. "मी उतरतो," तो म्हणाला.

"तू न्हाई," अण्णाराव म्हणाला. "तू दोन दिवस चोळत बसशील दाणा दाणा. भीमा, बांध रे."

भीमानं बापाच्या हातातून दोर काढून घेतला. जोर करून नाही, सहज घेतला. कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि पेवाच्या काठावर बसून एक पाय आत सोडला. मग त्यानं बापाकडं बघितलं. एवढा चिडलेला असूनही त्यानं बघितलं, ही गोष्ट मी त्याच्या नावावर लिहून ठेवीन.

"बाबा, शेवटचं सांगा. जागं हाय का निजलं? तुमी जागं म्हणलाव तर न्हाई उतरत."

निवृत्ती पेवावर वाकला. छातीभर हवा ओढली. त्याला भीमाच्या घामानं भिजलेल्या सदऱ्याचा वास आला नाही, मातीचा आला नाही, काहीच आलं नाही.

"जागं हाय," तो म्हणाला.

"कसला वास?"

"आंबूस. लई आंबूस."

भीमा काठावर आडवा झाला आणि त्यानं स्वतः तोंड आत घालून हुंगलं. एकदा, दोनदा. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"मातीचा यायलाय," तो म्हणाला. "निव्वळ कोरड्या मातीचा. तुमीच शिकिवलं होतं, मातीचा आला की उतरायचं." तो बापाकडं वळला. "खोटं बोलायलाव बाबा. सगळ्यांच्या म्होरं."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "काळीची चटक लागलीय म्हाताऱ्याला." किशनरावांनी मान फिरवली. भीमानं दुसरा पाय आत सोडला.

निवृत्तीनं दोर दोन्ही हातांनी धरला.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"वास येत न्हाई मला. कसलाच. दोन वर्सं झाली. तापात गेला." तो किशनरावांकडं न बघता, फक्त मुलाकडं बघत बोलत होता. "मला कळत न्हाई जागं हाय का निजलं. म्हणून म्हणतो, नको उतरू."

भीमाचे पाय पेवात लोंबत होते.

"दोन वर्सं," भीमा म्हणाला. "मग परसाल? ह्याच पेवात उतरलाव की परसाल."

"उतरलो."

"वास न घेता?"

"काळी पाहिजे होती घराला."

"आन पडला असताव म्हंजे?"

निवृत्तीनं दोर ओढला, भीमा काठावरून मागं सरकला आणि बापाच्या पायाशी बसला. पंचशीलानं सकाळी येतानाच घरचा कंदील आणून ठेवला होता, तो तिनं पेटवला. ती किशनरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, ज्या हवेनं माणूस मरतो तिला वास नसतो. भीमाला मातीचा आला तो बी खरा. एकदा कंदील सोडू द्या. काच नीट बसलीय, ठिणगी उडायची न्हाई."

"पेवात आग..." किशनराव म्हणाले आणि थांबले. भीमा तिथंच बसला होता आणि त्याच्या कमरेला अजून दोर होता. "सोड," ते म्हणाले.

तिनं कंदिलाला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडला. सगळे वाकून बघू लागले. पेवाच्या गळ्यात भिंती पिवळ्या दिसल्या, मग काळा पडलेला कडबा दिसला. कंदील पुरुषभर खाली गेल्यावर ज्योत लांब झाली, निळी झाली आणि गेली. वारा नव्हता, कुणी फुंकर मारली नव्हती. पंचशीलानं कंदील वर घेऊन पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी पुन्हा विझला. तिसऱ्यांदा सोडायला कुणी सांगितलं नाही.

भीमा कमरेची गाठ सोडायला लागला. त्याला ती सुटेना. शेवटी निवृत्तीनं खाली बसून सोडवली.

"बरं झालं," अण्णाराव जरा वेळानं म्हणाला. त्याचाही रंग उडाला होता, पण बोलल्याशिवाय त्याला राहवेना. "माणूस वाचला, बरंच झालं. पण नाक न्हाई तर मग काळी कशाची मागायलास, निवृत्ती? नाकाची काळी होती ती. आबा, तुमीच म्हणलाव ना?"

सगळ्यांनी किशनरावांकडं बघितलं. त्यांनी निवृत्तीकडं बघितलं, मग ट्रककडं, मग काठी टेकत ते टेकाड उतरून घराकडं गेले. ते 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. अण्णारावाला तेवढं पुरलं.

पुढचे दोन दिवस पहारींनी पेवाचं तोंड रुंद केलं. शुक्रवारी कंदील तळापर्यंत जळत राहिला. मग चार माणसं रोजानं उतरली, त्यात भीमाही होता. चौकीदारीची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. पांढरी किशनरावांच्या घरी गेली. काळी निघाली अकरा पोती. निवृत्तीच्या अंदाजापेक्षा एक जास्त.

शनिवारी ट्रक पुन्हा आला आणि ती भरायला निवृत्तीला बोलावणं आलं. तो गेला. न जाऊन काय करणार होता? सोमवारी भट्टीचा मुकादम यायचा होता आणि सुमनबाईनं भांडी पोत्यात बांधायला घेतली होती.

ओल्या, आंबल्या ज्वारीची पोती झिरपत होती. पाठीवरून तपकिरी पाणी मांडीपर्यंत ओघळायचं. पोतं उचललं की वासाचा असा भपकारा यायचा की ड्रायव्हर लांब जाऊन उभा राहिला. भीमानं आणि बाकीच्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. निवृत्तीचं फडकं खांद्यावरच होतं. तो वाकायचा, पाठीवर पोतं घ्यायचा, फळीवरून ट्रकमध्ये चढायचा आणि परत यायचा. आठवं पोतं त्याच्या पाठीवर होतं तेव्हा अण्णाराव नाकाला रुमाल लावून जवळ आला.

"निवृत्ती, तुला तर बरंच हाय की रे. फडकं लागत न्हाई." तो चांगल्या मनानंच बोलत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. "हे झालं की ओढ्याकडं जा. तो बैल फुटलाय, रस्त्यानं माणूस जाईना. खड्डा पोरं खणतील. तू फक्त ओढून आत ढकल. दुसऱ्याला वास सोसत न्हाई. तुला काय, येतच न्हाई."

भीमा फळीवर थांबला. त्याच्या पाठीवरचं पोतं एका बाजूला कलंडलं, पण तो हलला नाही.

निवृत्तीनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. हात धोतराला पुसले. मग त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं, त्याची तिरकी घडी घातली आणि नाकावरून घेऊन मागं मानेवर गाठ मारली. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली. आता त्याचे नुसते डोळे दिसत होते.

"यायलाय, अण्णाराव," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मालक न म्हणता त्याला नावानं हाक मारली. "लई वास यायलाय मला."

मग त्यानं वाकून पोतं पुन्हा पाठीवर घेतलं आणि तो फळी चढू लागला. अजून तीन पोती राहिली होती.